साठ जीबीत अण्णाजी

कारंजा गावात कापूस कोणाचाही असो, त्याची पारख प्रभाकररावांनी करायची, असा तीस वर्षांचा रिवाज होता आणि तो खुद्द प्रभाकररावांनीच पाडला होता. बैलबंडी त्यांच्या कापूस-खरेदीच्या दुकानापुढे उभी राहिली की वरच्या कापसाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. वरचा कापूस दाखवण्यासाठीच असतो, असं त्यांचं मत. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधला मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन बोटांत धागा ताणायचा आणि डोळे मिटून भाव सांगायचा. याला ते वानगी म्हणत. मूठभर पाहिलं की अख्खी बंडी कळते, हा त्यांचा दावा होता. पुढे पुढे ते चपला, डॉक्टर आणि लोकांचे जावईसुद्धा याच पद्धतीने पारखू लागले.

पण कापसापेक्षा जास्त अभिमान त्यांना आपल्या कानाचा होता. स्वतः त्यांना गाता येत नव्हतं. एकदा भजनी मंडळाने त्यांच्या हातात झांजा दिल्या होत्या, त्या दुसऱ्याच अभंगाला परत घेतल्या. तेव्हापासून त्यांनी ऐकण्याचं काम पत्करलं आणि त्यातही ते थोड्याच दिवसांत तज्ज्ञ झाले.

ऐकायचे ते अण्णाजींना. अण्णाजी गावाबाहेरच्या मळ्यात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे, सकाळी बाजारात जुड्या विकायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात खंजिरी घेऊन बसायचे. आवाज असा की शेवटच्या ओळीला देवळाबाहेर चपला सांभाळणारासुद्धा आत येऊन बसे. प्रभाकरराव एकही गुरुवार चुकवत नसत, आणि एक्क्याण्णव सालापासून महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी ते आपला टू-इन-वन, म्हणजे टेप असलेला रेडिओ, घेऊन यायचे. पहिल्या रांगेत मांडी घालायची, टू-इन-वन मांडीवर घ्यायचा, लाल बटण दाबायचं आणि बाजूला बसलेल्या किसनरावांशी अधूनमधून हळू आवाजात बोलायचं, असं ते बारा वर्षं चाललं. त्यातून नव्वद कॅसेटी झाल्या. त्या त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून लोखंडी कपाटात ठेवल्या आणि एकही कधी वाजवली नाही. वाजवली की फीत झिजते, झिजली की आवाज जातो. गंमत म्हणजे हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

दोन हजार तीनमध्ये अण्णाजींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते बोलत ते नुसत्या वाऱ्यावर, समोरच्याला वाकून ऐकावं लागे. खंजिरी खुंटीला लागली. पण गुरुवारी ते देवळात यायचे, मागे खांबाला टेकून बसायचे. तीन वर्षांनी, त्यांच्या पंचाहत्तरीच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा, त्यांनी प्रभाकररावांना जवळ बोलावलं.

"प्रभाकर, माहा आवाज कसा होता रे? मलेच आठवत नाई. तुह्याजवळ आहे म्हणते. मरायच्या आधी एक डाव आयकवजो."

 प्रभाकररावांनी तिथेच शब्द दिला की पंचाहत्तरीच्या दिवशी, पूर्ण गावासमोर, अण्णाजींना अण्णाजी ऐकवीन, आणि जसाच्या तसा ऐकवीन, एक कण कमी होऊ देणार नाही. शब्द देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टू-इन-वन दोन वर्षांपूर्वीच बंद पडला आहे.

त्यांची मुलगी मयुरी नागपूरला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकत होती. तिने सांगितलं की सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवता येतील, मग खिशात मावणाऱ्या एका प्लेअरमध्ये नव्वदच्या नव्वद भरता येतील. एमपीथ्री केलं तर लहानसा प्लेअरही पुरेल. एमपीथ्री म्हणजे काय, असं प्रभाकररावांनी विचारलं. तिने समजावलं की मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज दबून जातात, माणसाला ऐकूच येत नाहीत, ते त्यात काढून टाकतात. म्हणून जागा कमी लागते.

"कोणाले ऐकू येत नाई?" प्रभाकरराव म्हणाले. "मले येते."

मग तिने दुसऱ्या प्रकाराबद्दल सांगितलं. त्यात काहीच काढत नाहीत, फक्त दाबून बसवतात, आणि वाजवताना पुन्हा पहिल्यासारखं उलगडतं. हे प्रभाकररावांना एका क्षणात कळलं. जिनिंगवाला कापसाची गठाण दाबतो, तसंच हे. पन्नास गाड्यांचा कापूस एका ट्रकमध्ये जातो आणि तिकडे गिरणीत सोडला की पुन्हा तेवढाच्या तेवढा. एमपीथ्रीवाले मात्र गठाण बांधताना मधला कापूस चोरतात. पुढचे पंधरा दिवस दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे समजावलं. कारंज्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांना तेव्हा मोबाइल धरता येत नव्हता, पण एमपीथ्री ही लबाडी आहे हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

अशा तयारीने बापलेक एका रविवारी नागपुरात बर्डीवरच्या दुकानात गेले. दुकानातला पोरगेला विक्रेता हसून पुढे आला आणि त्याने नखाएवढा, चकचकीत, दोन जीबीचा प्लेअर काचेवर ठेवला. अंकल, पाचशे गाने आते इसमें. प्रभाकररावांनी तो तळहातावर घेतला, वजन पाहिलं आणि परत ठेवला. मग तीस जीबीचा आला. त्याच्यात साडेसात हजार गाणी. गाणं किती मिनिटांचं, असं प्रभाकररावांनी विचारलं. चार, असं उत्तर आलं. आमच्या अण्णाजींचा एक अभंग बावीस मिनिटांचा असतो, नुसती ओळख करून घ्यायला चार मिनिटं लागतात, असं त्यांनी त्याला ऐकवलं. वर हेही विचारलं की हा पुरा माल जसाच्या तसा ठेवतो की गठाण फोडतो. विक्रेत्याने मयुरीकडे पाहिलं.

मयुरीने कागदावर हिशेब मांडला. नव्वद तास, काहीही न काढता, म्हणजे तीस जीबी काठोकाठ भरणार. साठ हवा. साठवाले दुकानात तीनच होते. त्यातले दोन दिसायला देखणे होते, पण ते त्या प्रकारच्या फायली वाजवतच नव्हते. तिसरा जाडजूड, काळा, साबणाच्या वडीएवढा होता. तो वाजवत होता. आत एक चकती गरगर फिरते, असं विक्रेता म्हणाला. प्रभाकररावांनी तो बंद असतानाच कानाला लावला आणि मान डोलावली.

तरीही वानगी पाहिल्याशिवाय माल घ्यायचा नाही, हा नियम होता. त्यांनी सांगितलं की एकच गाणं आधी एमपीथ्रीत लाव, मग पूर्ण मालात लाव, आणि कोणतं कोणतं ते मी ओळखतो. हेडफोन कानावर चढवून त्यांनी डोळे मिटले. विक्रेत्याने गाणं लावलं, मधूनच थांबवलं, पुन्हा लावलं. प्रभाकररावांनी खात्रीने निकाल दिला की पहिल्यात दम नाही, पोकळ आहे, आणि दुसऱ्यात तबल्याची शाई ऐकू येते. विक्रेता म्हणाला, एकदम बरोबर अंकल, असा कान मी दुकानात पाहिला नाही. त्याने दोन्ही वेळा एकच फाइल लावली होती, हे मयुरीने पाहिलं होतं. पण बापाचा चेहरा इतका फुलला होता की तिने बिल करायला सांगितलं.

मग कॅसेटी नागपूरला जाऊ लागल्या. दहा-दहाच्या खेपा. एसटीत ती पिशवी प्रभाकररावांनी कधी खाली ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसले. मयुरी सकाळी मैत्रिणीच्या टेपमध्ये कॅसेट लावायची, कॉम्प्युटरचा आवाज बंद करायची आणि कॉलेजला निघून जायची. कधी तरी एखादी पाच-दहा मिनिटं ऐकायची. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला तिने फोन केला.

"बाबा, मधामधात तुमचा पण आवाज येते त्याच्यात. टू-इन-वन तुमच्या मांडीवरच होता ना. तेवढं कापून टाकू का?"

प्रभाकरराव सुखावले. आपण अण्णाजींना वेळोवेळी दिलेली दाद त्यात आली असणार, हे त्यांना उघड दिसत होतं. पुढच्या पिढ्या अण्णाजींना ऐकतील तेव्हा सोबत जाणकार श्रोत्याचाही आवाज ऐकतील. यात कापण्यासारखं काय होतं?

"कायले कापतं? जसाच्या तसा म्हणजे जसाच्या तसा. एक सूत कमी करू नको."

मयुरी म्हणाली की एकदा तुम्ही ऐकून घ्या. प्रभाकररावांनी ऐकून घेतलं. म्हणजे प्लेअर भरून आला तेव्हा त्यांनी कान लावून सहा कॅसेटींमधली मधली-मधली एकेक मिनिटाची वानगी घेतली, सत्त्याण्णव सालची एक कॅसेट पसंत केली आणि मूठभरावरून अख्खी बंडी पास केली.

पंचाहत्तरीचा गुरुवार उजाडला. देवळापुढे मांडव पडला. मांडववाले रूपराव आपले दोन भोंगे आणि ॲम्प्लिफायर घेऊन सकाळपासून राबत होते. प्रभाकररावांच्या पत्नी कौशल्याबाई बायकांसोबत आलू-वांग्याच्या भाजीचं पाहत होत्या, मयुरी पानं मांडत होती. संध्याकाळी सगळं गाव सतरंजीवर बसलं. अण्णाजी मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार, डोक्यावर नवी टोपी. किसनराव त्यांच्या उजव्या हाताला. प्रभाकररावांनी माइक घेतला आणि वीस मिनिटं भाषण केलं. त्यात गठाण आली, चकती आली, साठ जीबी तीनदा आलं. शेवटी त्यांनी सांगितलं की आज तुम्ही जे ऐकाल त्यातून कोणी एक कण काढलेला नाही, याची जिम्मेदारी माझी. मग प्लेअरची वायर रूपरावांनी अण्णाजींच्या खुर्चीशेजारच्या ॲम्प्लिफायरला जोडली. चुकून कोणाचा हात लागू नये म्हणून प्रभाकररावांनी प्लेअरचं कुलपाचं बटण सरकवलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आणि भोंग्यांतून अण्णाजी गायला लागले.

खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांसाठी प्रभाकररावांची सगळी बढाई माफ करावी. आवाज ताजा होता, कालच देवळातून निघाल्यासारखा. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण वेगळी ऐकू येत होती. खुर्चीवरच्या अण्णाजींनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावला. प्रभाकररावांनी मान वळवून मागे पाहिलं, आपल्याकडे कोण कोण पाहत आहे ते.

तेवढ्यात अण्णाजी वरच्या सुरात गेले आणि भोंग्यांतून, अण्णाजींपेक्षा जवळून, प्रभाकररावांचा आवाज आला.

"किसन, हे असे वर गेले का मले आमची म्हैस आठवते. व्याली होती तवा अशीच वरडे."

त्यावर किसनरावांचं खुदखुदणंही आलं. तेही जसंच्या तसं.

 किसनराव आपल्या नखांकडे पाहू लागले. प्रभाकररावांना वाटलं, एखादं वाक्य असेल, निघून जाईल. पण तो सत्त्याण्णव सालचा गुरुवार त्यांच्यासाठी फार सुचण्याचा दिवस होता. पुढच्या कडव्यात ते म्हणाले की अण्णाजीचा सांबार बेस असते, आवाजाची काही हमी नाई. त्याच्या पुढे ते म्हणाले की रूपरावचा भोंगा म्हणजे फुटक्या पिप्यात मांजर, आणि तरी पैसे मागाले पहिले उभा राह्यते.

प्रभाकरराव उठून प्लेअरकडे धावले. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कुलूप त्यांनी स्वतःच लावलं होतं आणि ते कोणत्या बाजूला सरकवतात हे त्यांना त्या क्षणी आठवेना. त्यांनी रूपरावांना ॲम्प्लिफायर बंद करायची खूण केली. रूपरावांनी ती खूण नीट पाहिली, समजून घेतली आणि आवाज थोडा वाढवला.

आता भोंगे म्हणत होते, "आज भजन लांबू दे म्हणा अण्णाजीले. तळेगावचा साळा येऊन बसला आहे घरी. थो जेवून झोपला का मंग जातो मी."

पानांजवळ उभ्या असलेल्या कौशल्याबाईंनी हातातली पळी शांतपणे परातीत ठेवली. दर गुरुवारी भजनाला पळणाऱ्या नवऱ्याची भक्ती त्या बारा वर्षं माहेरी सांगत आल्या होत्या.

शेवटी प्रभाकररावांनी वायरच धरली. ओढणार, इतक्यात मागून कोणी तरी त्यांचा सदरा पकडला. अण्णाजी खुर्चीवरून वाकले होते. भोंग्यांच्या गोंगाटात त्यांचा तो नुसत्या वाऱ्याचा आवाज ऐकायला प्रभाकररावांनी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"राहू दे. कोणी हात लावू नका."

प्रभाकरराव तिथेच, भोंग्याच्या खांबापाशी, खाली बसले. त्यांना लाज वाटत होती, पण लाजेहून मोठी होती ती भीती. या माणसाला मरायच्या आधी एक गोष्ट हवी होती आणि आपण ती अख्ख्या गावासमोर मातीत घातली. आता हा परत कधी देवळात येणार नाही, आपल्याशी बोलणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. चाळीस वर्षांची दोस्ती एका म्हशीवर गेली, असं त्यांच्या मनात आलं.

कॅसेट चालू राहिली. शेवटचा अभंग सुरू झाला, अण्णाजींचा हुकमी. भोंग्यात किसनराव काही तरी बोलायला लागले आणि प्रभाकररावांच्या आवाजाने त्यांना मधेच तोडलं.

"चूप बस किसन. आता आयक. हे आयक फक्त." बराच वेळ नुसते अण्णाजी गात राहिले. मग तोच आवाज, पण जड झालेला. "असा सूर आपल्या कानावर पडते, आपलं नशीब आहे. पुऱ्या जिल्ह्यात नाई असा माणूस. पण त्याले सांगू नको. चढून जाईन थो."

खट्ट करून बाजू संपली. मांडवात कोणाला टाळ्या वाजवाव्या की नाही ते कळेना.

अण्णाजींचे डोळे वाहत होते. त्यांनी ते पुसले नाहीत. प्रभाकररावांना त्यांनी बोटाने जवळ बोलावलं, माइक तोंडाशी धरायला लावला आणि हळूहळू बोलले.

"बारा वर्सं दर गुरुवारी मी तुले इचारो, कसं झालं प्रभाकर. तू दर डाव म्हणे, बेस. मले कधी समजलं नाई, खरं का खोटं. आज समजलं." ते श्वास घ्यायला थांबले. "म्हशीचं बी खरं होतं. त्या दिवशी मले ताप होता. मंग हे शेवटचं बी खरंच असंन ना?"

 प्रभाकररावांनी हो म्हणून मान हलवली आणि अण्णाजींचे पाय धरले. तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. रूपरावांनीही वाजवल्या, जरा उशिरा. लोक पानावर बसायला उठणार, एवढ्यात अण्णाजींनी पुन्हा माइक मागितला.

"अशा किती कॅसेटी आहेत म्हणे?"

"नव्वद," प्रभाकरराव म्हणाले. त्या आकड्याचा अजूनही त्यांना अभिमान होता.

"मंग एकोणनव्वद राह्यल्या. दर गुरुवारी एक लावजो. पुरी. अन् तू समोर बसजो."

या सूचनेला गावाने जसा पाठिंबा दिला तसा ग्रामसभेत कशालाच मिळाला नव्हता. बारा वर्षांत भजनाकडे न फिरकलेली माणसं किती वाजता यायचं ते विचारू लागली. रूपरावांनी भोंगे दर गुरुवारी फुकट देण्याचं जाहीर केलं. कौशल्याबाई नवऱ्याच्या पानात भाजी वाढायला आल्या आणि म्हणाल्या की तळेगावला निरोप धाडला आहे, भाऊ दर गुरुवारी मुक्कामी येईल. भाजी त्यांनी चमच्याने वाढली, तीही एकच चमचा.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे कापसाची एकही बंडी आली नाही. माणसं मात्र अकरा आली. पोस्टमास्तर आले, शाळेतले दोन गुरुजी आले, आजी सरपंच आले आणि ते गेल्यावर माजी सरपंच आले. इकडचं तिकडचं बोलून झालं की प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, त्या कॅसेटींमध्ये आमच्याबद्दल तर काही नाही ना. प्रभाकररावांनी अकराही जणांना चहा पाजला आणि छातीवर हात ठेवून, मोठ्या खात्रीने सांगितलं की तसं एक अक्षरही नाही.

सात जणांबद्दल तर नक्की काही ना काही होतं. उरलेल्या चौघांचं त्यांना नीटसं आठवत नव्हतं.